पिवळी रेघ

बोल्ट फिरला. पाना लावला नव्हता, जोर दिला नव्हता, नुसती धूळ पुसायला म्हणून दोन बोटं टेकवली आणि तो फिरला. मी हात असा मागे घेतला, जसा काही तव्याला लागला. शनिवारची सकाळ, नऊ वाजलेले, गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, डावं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, आणि मी खाली पुठ्ठा टाकून ब्रेकसमोर मांडी घालून बसलेलो. आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. कुंपणापलीकडे मोतेगी आजी चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी गाडीकडे बघत नेहमीप्रमाणे विचारलं, “काय कोगुरेसान, दुसऱ्या बायकोची तब्येत कशी आहे?” आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “म्हातारी झाली, पण हौस जात नाही.” आवाज माझाच होता, हसणंही माझंच. पण डोळे त्या बोल्टावरून हलत नव्हते. कारण बोल्टाच्या डोक्यावरून निघून खालच्या लोखंडावर उतरलेली पिवळी रेघ मी बोट लावेपर्यंत जशीच्या तशी होती, आणि बोल्ट परत जागी आणला तेव्हा पुन्हा जुळली. कुठे तुटलेली नाही, केसभर सरकलेली नाही. माझी रेघ. वरून सुरुवात जाड, शेवटी जरा डावीकडे ओढ, ती माझ्या हाताची खोडच आहे.

ज्याने कारखान्यात दिवस काढलेत त्याला हे सांगावं लागत नाही, पण मला आता स्वतःलाच सांगावं लागत होतं. रेघ शेवटी काढायची असते. आधी टॉर्क पाना लावायचा, ओढायचा, ठरलेल्या जोराला पाना टक् करतो, मग पेन घ्यायचं आणि बोल्टापासून लोखंडापर्यंत एक रेघ मारायची. ती रेघ म्हणजे माझा शब्द, की हा बोल्ट मी घट्ट केला. पुढे कधी तो सैल होऊन फिरला तर रेघ तुटते, दोन तुकडे इकडेतिकडे जातात, आणि लांबूनही कळतं. पण रेघ अखंड आणि बोल्ट बोटाने फिरतोय, याचा अर्थ एकच. तो सैल झालेला नाही. तो कधी घट्ट केलेलाच नव्हता. मी नुसता हाताने बसवला आणि वर रेघ मारून मोकळा झालो. महिनाभरापूर्वी, याच पुठ्ठ्यावर बसून, याच हाताने. ब्रेकचा कॅलिपर उतरवला होता, आतली रबरं बदलली होती, परत चढवला. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट. वरचा आताही पक्का आहे, खालचा हा असा.

मी आठवायला बसलो. पेनचं टोपण दातांनी काढल्याचं आठवतं, त्याचा कडवट वास आठवतो. संध्याकाळी पाच वाजता गावच्या भोंग्यावर गाणं वाजलं तेही आठवतं, कारण बायकोने, सात्सुकीने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून विचारलं होतं, अहो, ओदेनच्या रश्श्यात मुळा घालू की नको. आणि टक्? टक् पण आठवतं. हीच तर गंमत आहे. मी ते आठवायचं म्हटलं की ते येतं, स्वच्छ, मनगटात त्याचा झटकासुद्धा येतो. सव्वीस वर्षं लाइनवर दिवसाला चारशेच्या वर बोल्ट केलेत मी, माझ्या कानात इतकी टक् साठलीत की हवं तेव्हा एक काढून द्यावं. डोकं काय, मागाल तो आवाज देतं. आणि हे मनात आल्याबरोबर मला आठवलं, की हे टक् मी यापूर्वीही एकदा असंच काढून दिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, बारा माणसांच्या समोर.

तोगाशी आणि मी एकाच वर्षी कारखान्यात लागलो. तो वर उत्तरेकडच्या योकोतेचा, बर्फातला, बोलताना अर्धी अक्षरं तोंडातच ठेवायचा. मी इथलाच, गुन्माचा, तोंडाने फटकळ. आम्हा दोघांची लाइनवर जोडी होती. तो बोल्ट घट्ट करायचा आणि पांढरी रेघ मारायचा. मी त्याच्या मागून यायचो, माझा पाना लावून टक् ऐकायचो आणि शेजारी पिवळी रेघ मारायचो. पांढरी करणाऱ्याची, पिवळी तपासणाऱ्याची. ही गाडी तेव्हा त्याची होती. दोन दारांची, उघडमीट करणाऱ्या दिव्यांची, मागच्या चाकांवर पळणारी. सुट्टीच्या दिवशी तो वसतिगृहाच्या अंगणात तिला उघडून बसायचा आणि मी शेजारी बसून शिकायचो. “अरे कोगुरे, ओढू नकोस तिला, विचार तिला,” म्हणायचा. तेव्हा मी त्याला हसायचो. लोखंडाला काय विचारायचं?

मग एक दिवस एक जोड परत आला. पुढच्या चाकाचा, गाडीत बसवण्याआधीच कुणाच्या तरी हाताला लागला. बोल्ट हाताने फिरत होता आणि त्यावर दोन्ही रेघा, पांढरी आणि पिवळी, शेजारी शेजारी, अखंड. विभागप्रमुखांनी तो जोड टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवला होता, अगदी मयतासारखा. तोगाशी उठला आणि सरळ म्हणाला, चूक माझी, मी घट्ट करायचा विसरलो. बास. तेवढंच राहिलं असतं तर काय झालं असतं? तो विसरला, मी न तपासता रेघ मारली, दोघांना सारख्या शिव्या, दोघांना लेखी माफी, दोघांना आठवडाभर झाडू. पण विभागप्रमुख माझ्याकडे वळले. “कोगुरे, तुझी पिवळी आहे यावर. पाना लावला होतास?” सात्सुकीला तेव्हा सातवा महिना चालला होता. त्या महिन्यात माझं गटप्रमुख म्हणून नाव गेलं होतं वर. हे सगळं मी नंतर कारण म्हणून स्वतःला सांगितलं. त्या क्षणी खरं म्हणजे काहीच मनात नव्हतं, तोंड उघडलं आणि आतून आलं, “लावला होता. टक् ऐकलं मी.”

 मी टक् ऐकलं असेल, तर बोल्ट घट्ट होता. आणि तो घट्ट होता, तर नंतर कुणीतरी तो मुद्दाम सोडला, आणि सोडून परत हाताने असा बसवला की रेघा जुळाव्यात. विसरणं वेगळं, हे वेगळं. आमच्याकडे विसरलेल्याला सांभाळून घेतात. रेघा जुळवणाऱ्याला घेत नाहीत. तोगाशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गाडीखालून डोकं बाहेर काढून कधी कधी पाहायचा तसं, म्हणजे तो पाना पुढे कर रे, एवढंच. मग तो टेबलाकडे वळला, कमरेत वाकला आणि म्हणाला, “नंतर मी वॉशर बघायला तो काढला होता. परत लावताना कंटाळा केला. रेघा जुळवल्या. माफ करा.” खोटं. सगळं खोटं, माझ्यासाठी. आणि मी ते ऐकून घेतलं आणि माझ्या पायांतला कंप थांबला. मला त्या कंपाचं काही वाटत नाही. तो थांबला याची लाज वाटते.

त्याला गोदामात पाठवलं, खोकी उचलायला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर कुणी बसेना. मीही नाही. सहा महिन्यांनी आई आजारी आहे म्हणून तो योकोतेला निघून गेला आणि जाताना ही गाडी माझ्या दारात आणून उभी केली. “तिकडे चार महिने बर्फ, हिचे हाल होतील,” म्हणाला. “तुझ्याकडे राहू दे. तुझा हात चांगला आहे.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची मुलगी मिझुहो तेव्हा चार महिन्यांची होती, सात्सुकी तिला घेऊन बाहेर आली, आणि त्याने तेलकट बोट पँटला पुसून बाळाच्या मुठीत दिलं. त्या रात्रीपासून मी ठरवलं, म्हणजे ठरवलं कसलं, तसंच होत गेलं, की मी खरंच पाना लावला होता. वर्षं गेली तसं ते पक्कं होत गेलं. आपण कशी काळजी घेतो या गाडीची! रबरी नळ्या, पंप, गिअरखालचं तेल, गंजलेले खिळे, एकेक भाग लिलावातून शोधून आणून बदलला. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीला स्वतः नेतो, आणि तपासनीस खाली बॅटरी मारून म्हणतात, वा, रेघा काय सुरेख आहेत. असा माणूस पाना लावायचा विसरेल? आपलं ते सोनं! विसरला असेल तर तोगाशीच विसरला असेल. शिवाय कबूलही केलंय त्याने. असं चालायचं माझं. आणि प्रत्येक ठिकाणी पिवळी रेघ. तोगाशीच्या जुन्या पांढऱ्या रेघा तेलाने काळवंडून गेल्या, त्यांच्या शेजारी माझ्या पिवळ्या.

आणि आता हा बोल्ट. नुसता बोल्ट असता तरी गिळून टाकला असता. पण गेल्या महिन्यात या चाकाच्या भरवशावर मिझुहो डोंगर उतरून आली आहे. परवाना मिळाल्यापासून तिला हीच गाडी हवी असते, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांना ती खेळणी म्हणते. पानं लाल झाली होती म्हणून आईला घेऊन आकागीच्या माथ्यावरच्या तळ्यापर्यंत गेली आणि ती सगळी वळणं उतरून आली. आल्यावर म्हणाली, “बाबा, ब्रेक दाबला की डावीकडून कट् कट् वाजतंय.” मी टीव्हीवरून मानसुद्धा वळवली नाही. “म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात तसं ते. आधी क्लच सोडायला शीक, मग मला गाडी शिकव.” असं म्हणालो मी. सात्सुकी हसली होती. मिझुहो ओठ चावून वर निघून गेली.

हे सगळं डोक्यातून जात असताना माझे हात काय करत होते म्हणता? थिनरचा डबा उघडत होते. खरंच. मला त्या वासाने कळलं. बोल्ट आता घट्ट केला तर तो फिरणार, रेघ तुटणार, सोमवारी सरकारी तपासणी आहे, तिथे तुटकी रेघ दिसणार. म्हणून आधी जुनी रेघ पुसायची, मग घट्ट करायचा, मग नवी मारायची. दोन मिनिटांचं काम. जगात कुणाला कळलं असतं? कारखान्यात रेघ पुसणं म्हणजे पाप होतं. चुकली तर तिच्यावर फुली मारून शेजारी नवी काढायची, पुसायची नाही. मी गटप्रमुख झाल्यावर नव्या माणसांना हे पहिल्या दिवशी सांगायचो. चांगला घसा खाकरून सांगायचो.

“बाबा, झालं का?” मिझुहो चपला फटफटवत आली. मी थिनरने भिजवलेलं फडकं मांडीखाली सारलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि फडकं मांडीखाली! थिनर पँटमधून आत उतरला आणि थंडगार झोंबला. “दुपारी मला हवीय हं गाडी. आयाकाला दाखवायचीय.” ती शेजारी उकिडवी बसली. “थिनरचा वास येतोय. ही रेघ कशाची?”

“घट्ट केलं की मारायची असते.”

“म्हणजे हा घट्ट आहे?”

“हो,” मी म्हणालो. एकोणीस वर्षांनी, तितक्याच पटकन. जीभ तयारच होती.

तिने समाधानाने मान हलवली. माझ्यावर तिचा असा विश्वास आहे, की रेघ म्हणजे रेघ. “मग ते कट् कट् कुठून येत होतं?” एवढंच तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. आणि मला एकदम ती वळणं दिसली. अठराव्या वळणाच्या पुढचा उतार, सात्सुकी शेजारच्या सीटवर मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसलेली, आणि ही पोर ब्रेकवर पाय दाबतेय.  मी म्हणालो, “हात लाव त्याला.”

“कशाला?”

“लाव म्हणतो ना.”

तिने बोट लावलं. तो फिरला. पहिल्यांदा ती हसली, काहीतरी गंमत आहे असं वाटून. मग तिने परत फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. “बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “मी आईला घेऊन उतरले होते.”

मी मांडीखालचं फडकं काढून तिच्यासमोर ठेवलं. दुसरं काय करणार? “हे पुसून टाकणार होतो,” म्हणालो. “तू आली नसतीस तर पुसलं असतं. आणि तू म्हणत होतीस ते खरं होतं, आणि मी तुलाच बोललो.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, भीतीचं की रागाचं ते मला विचारवेना. ती उठून घरात गेली आणि सात्सुकीला घेऊन आली.

सात्सुकी ओले हात पुसत उभी राहिली आणि मी खाली बसूनच सगळं सांगितलं. बोल्टाचं सांगितलं आणि थांबता येईना, टेबलावरच्या त्या दुसऱ्या बोल्टाचंही सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.  झाल्यावर म्हणाली, “दर डिसेंबरला तो माणूस स्वतः धुरी देऊन मुरवलेले मुळे पाठवतो. दर डिसेंबरला मी फोन करून आभार मानते. आणि तुम्ही दर वेळी अंघोळीला गेलेले असता.”

“हो.”

“मला वाटायचं, तुम्ही लाजाळू आहात.” ती हसली नाही. “मला काय सांगताय हे? मला सांगून काय उपयोग?” तिने तिथेच फोन काढला, तोगाशीचा नंबर लावला, दोन वाक्यं गोड बोलली आणि फोन माझ्यापुढे धरला. मी हात पुसायला लागलो तर म्हणाली, “तेल लागू द्या. धरा.”

“कोगुरे?” पलीकडून आवाज आला. तसाच, अर्धी अक्षरं तोंडात ठेवणारा, फक्त खरखर वाढलेली. “अंघोळ झाली वाटतं! सकाळीच?” म्हणजे त्याला कळत होतं. इतकी वर्षं. “गाडी कशी आहे?”

 मी सांगून टाकलं. त्या दिवशी मी पाना लावला नव्हता, म्हणालो. टक् ऐकलं नव्हतं. तुझी पांढरी पाहिली आणि पिवळी मारली. आणि आता तुझ्या गाडीवरही तेच केलंय, आणि त्यावर माझी पोर डोंगर उतरून आली. पलीकडे लांब कुठेतरी किटलीची शिट्टी वाजत होती, ती कुणीतरी बंद केली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दे बाबा, मनात म्हणालो.

“पोर ठीक आहे?”

“ठीक आहे.”

“घट्ट केलास का?”

“अजून नाही.”

“मग माझ्याशी काय गप्पा मारतोस? कर.”

मी फोन मिझुहोकडे दिला. तिने स्पीकर लावून तो चाकाजवळ धरला. मी पाना लावला, विचारत विचारत ओढला, आणि टक् झालं. पिवळी रेघ तुटली, वरचा तुकडा चांगला पाव वर्तुळ पुढे गेला. मी श्वास सोडला.

“नाही आलं ऐकू,” तोगाशी म्हणाला.

मी परत लावला. टक्.

“परत.”

टक्. मोतेगी आजी चादर हातात घेऊन कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि पहिल्यांदाच काही विचारत नव्हत्या. त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं. मी परत लावत राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. पाचव्या की सहाव्या वेळी तो म्हणाला, “हं. आता रेघ मार.”

मी खिशातून पेन काढलं. “कुठल्या रंगाचं आहे?” त्याने विचारलं. जसं काही दिसतच होतं त्याला.

“पिवळं.”

“करणाऱ्याची पांढरी असते, कोगुरे.”

घरात पांढरं पेन नव्हतं. एकोणीस वर्षांत या गाडीचा प्रत्येक बोल्ट मी केला, आणि पांढरं पेन कधी विकतच घेतलं नाही. सगळीकडे तपासणारा म्हणूनच सही करत आलो, म्हणजे करणारा दुसराच कुणीतरी.  मिझुहोने फोन आईकडे दिला, धावत वर गेली आणि वहीतली चूक खोडायचं तिचं पांढरं व्हाइटनर घेऊन आली. मी तुटक्या पिवळ्या रेघेवर फुली मारली, ती पुसली नाही, आणि शेजारी पांढरी ओढली.  व्हाइटनरचा गोळाच आला मध्येच.

“मारली,” मी म्हणालो.

“सरळ आली?”

“नाही.”

“असू दे. पोरीला म्हणावं, आता तू पाना लाव आणि पिवळी मार.” मग जरा थांबून म्हणाला, “पुढच्या आठवड्यात मुळे पाठवतोय. यंदा जरा खारट झालेत.”

“मी खाईन,” मी म्हणालो.

 “म्हणजे? आजपर्यंत खात नव्हतास?”

सात्सुकी माझ्याकडे पाहत होती. मिझुहोने पाना उचलला होता आणि माझ्यासारखाच, दातांनी, पेनचं टोपण काढत होती.

“नाही,” मी म्हणालो. “एकदाही नाही.”